वैजयंतीवहिनींना काही कमी नाही

इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये वीस वर्षं मी वैजयंतीवहिनींच्या शेजारी राहतेय, पण ह्या बाईच्या तोंडून "आमच्याकडे नाही" हे कधी ऐकलं नव्हतं. उदयभावजींची नोकरी गेली तेव्हासुद्धा म्हणाल्या, "ते जरा विश्रांती घेतायत."

त्यांची मुलगी देवयानी लॉ सेंटरमध्ये वकील. घरमालक बाहेर काढतात अशा लोकांच्या केसेस फुकट लढते. पगार बेताचा, डोक्यावर वकिलीच्या कोर्सचं लोन. अशा वकिलांचे हप्ते भरणारा एक ट्रस्ट तिने शोधला. मदत मिळाली नाही तर पोरीला घरमालकांच्याच फर्ममध्ये जावं लागणार होतं. अट एकच, घरी खरंच ओढाताण हवी. ती बघायला ट्रस्टचा माणूस येणार होता.

पाहुणा येणार म्हटल्यावर वहिनींच्या अंगात आलं. माझी चांदीची ताटं नेली. समोरच्या तनूचा गालिचा आणला, टीव्हीही आणला. श्रीखंड-पुरीचा बेत, वर पैठणी.

"आई, आपल्याला अडचण आहे हे दाखवायचंय!" देवयानीने कपाळावर हात मारला.

"म्हणून काय पाहुण्याला स्टीलच्या ताटात वाढू?"

मलाही जेवायला बसवलं होतं. त्या माणसाने विचारलं, "घरखर्चाला कमी पडतं का?"

"छे छे! देवाच्या दयेने काही कमी नाही. अजून एक पुरी घ्या ना."

तो फॉर्मवर लिहायला लागला. देवयानीचे डोळे भरले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, ही ताटं माझी आहेत!" मी ओरडले. "टीव्ही तनूचा, गालिचा तनूचा. श्रीखंड तेवढं ह्यांचं!"

वहिनी लालबुंद झाल्या. तरी निघताना त्याच्या हातात नारळ आणि दहा पौंडांचं पाकीट ठेवलंच. पैसे त्याने द्यायचे असतात, घ्यायचे नसतात, हे समजावताना बिचाऱ्याला घाम फुटला.

पुढे तीन आठवडे वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं. मदत मंजूर झाली हेही मला देवयानीकडून कळलं.

काल बेल वाजली. दारात वहिनी, हातात माझी ताटं. घासून लख्ख, पण रिकामी. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करणं म्हणजे वहिनींच्या लेखी पापच.

"शिरा घालून आणणार होते," त्या खाली बघत म्हणाल्या. "पण श्रद्धा, घरात साखर नाहीये गं. वाटीभर देशील?"

मला एकदम रडूच आलं. मी अख्खा डबा त्यांच्या हातात दिला.