मास्तरांचं विमान आणि माझी गोफण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लढाईच्या दिवसांत आमच्या गावात उडालेलं पहिलं विमान वाऱ्यानं पडलं नाही, करणाऱ्याच्या चुकीनंही नाही. ते मी पाडलं. गोफणीनं.

विमान म्हणजे हातभर लांबीचं. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी जुन्या मासिकातलं चित्र बघून ते केलं होतं. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पुढं पांगाऱ्याच्या लाकडाचा पंखा, आणि तो फिरावा म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांना पीळ. शिकवणारं कुणी नव्हतं. आधी महिनाभर मास्तर विमान नुसतं हातानं गवतावर फेकायचे. नाक खाली गेलं की नाकावरचं मेण कमी करायचे, वर गेलं की वाढवायचे, आणि दर वेळी वहीत लिहायचे. लोक हसत. मास्तरही हसत आणि पुन्हा फेकत.

नाताळच्या सुटीत त्यांनी पीळ भरून ते गायरानात सोडलं. शेजारीच आमची ज्वारी. मी माळ्यावर चढून पाखरं हाकत होतो. माझा नेम पंचक्रोशीत नावाजलेला. त्या दिवशी मात्र सगळं गाव, माझा बापसुद्धा, मान वर करून विमान बघत होतं. ते इतकं सरळ, इतकं निवांत आलं की माझ्याही तोंडून ‘वा’ गेलं. आणि हात गोफणीकडं गेला.

गोफण दिवसभर वाजतच असे, कुणाला शंका आली नाही. खाली उतरून शोधायला मीही लागलो. ज्वारीतून मास्तरांनी ते उचललं. डावा पंख फाटला होता; ज्वारीच्या ताटांनी फाटला असं त्यांनी धरलं.

“डावीकडं कललं. शेपूट चुकलं माझं,” एवढंच म्हणाले.

मग उन्हाळाभर ते नसलेली चूक शोधत राहिले. शेपूट गव्हाच्या दाण्याएवढं उजवीकडं वळवलं की विमान गिरकी घेऊन जमिनीत घुसे. मग नवं. अशी चार केली, पण लाकडाला किंवा आमच्या ज्वारीला कधी बोल लावला नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता ते पेन्शनीत आहेत. गेल्या महिन्यात ती वही घेऊन घरी आले.

“पहिल्याचं काय चुकलं, अजून न्हाई उलगडलं बघ.”

वारा असंल, मी म्हणालो.

“न्हाई रं. आपलं वाऱ्यावर ढकलू नये.”

मी चहा पुढं केला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं, दगड माझा होता. एवढं सांगण्याचं मी त्यांचं देणं लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.