मागच्या बाजूनं उघडणारं पुस्तक

माझी बायको गेली तेव्हा लेकीनं तिची लुगडी नात्यातल्या बायांना वाटली. पुस्तकं कुणी मागितली नाहीत. ती भट्टीच्या खोलीत फळीवर तशीच राहिली. मी त्यांच्याकडं पाठ करून दूध आटवायला बसायला लागलो. पाठ केली तरी मागं कुणीतरी बसलंय असं वाटायचं ते वाटायचंच.

आमची खव्याची भट्टी आहे, भूमच्या अलीकडं, रस्त्याला लागून. खव्याच्या कामात कढईवरनं नजर हलवता येत नाही. उलथनं थांबलं की दूध बुडाला धरतं आणि करपट खवा कुणी फुकट घेत नाही. हात अडकलेले, डोळे अडकलेले, कान तेवढे मोकळे. त्या मोकळ्या कानांत बायकोनं पुस्तकं भरली.

मी दुसरीत शाळा सोडली. ती सातवी शिकलेली. लेकीची पोरगी, म्हणजे आमची नात, पुण्याला कॉलेजात आहे. सुट्टीला आली की पिशवीभर पुस्तकं आणायची आणि वाचून झाली की आजीजवळ ठेवून जायची. तिच्या वयाच्या पोरापोरींच्या कादंबऱ्या. कुणी घरातनं पळून चाललंय, कुणाचं पहिलं प्रेम, कुणाच्या बापाचं दुसरं लग्न. बायको भट्टीच्या पलीकडं पोत्यावर बसून मोठ्यानं वाचायची आणि मी ढवळायचो.

मी एकदा म्हणालो, "अगं, ही पोरासोरांची पुस्तकं. म्हातारपणी कशाला?"

"म्हातारपणीच वाचायची. पोरपणी मला कुणी दिली? तवा मी शेण काढत होते."

 तिकडं फोनवर आजी-नातीची भांडणं चालायची. ही म्हणायची त्या पोरीनं त्या पोराला माफ करायला नको होतं, ती म्हणायची आजी, तू लई कडक आहेस. मी मधेच ओरडायचो, बरोबर केलं तिनं, की दोघी मिळून माझ्यावर तुटून पडायच्या.

मग नातीनं चित्रांची पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. जाडजूड पुस्तक, पानभर चौकटी, चौकटीत माणसं आणि त्यांच्या तोंडापुढं फुगे. फुग्यांत इंग्रजी.

"आता काय करशील? तुला कुठं इंग्रजी येतंय?"

"चित्रं काय इंग्रजीत काढल्यात का?" ती म्हणाली.

आणि खरंच चित्रं बघून ती गोष्ट सांगायला लागली. फुग्यांतलं बोलणं मनानं भरायची. परदेशातली नकटी पोरगी आमच्या भट्टीवर आली की "अय्या, इश्श" करायची आणि तिचा बाप "गप बस, भवाने" म्हणायचा. मधनंच ती पुस्तक उंच धरून मला चित्र दाखवायची. मी एक डोळा कढईवर, एक डोळा चित्रावर, असं बघायचो. हसताना माझा हात थांबला की ओरडायची, "ढवळा ओ, लागंल!"

त्याच दिवसांत ती वाळायला लागली होती. लेक तिला सोलापूरला दवाखान्यात न्यायची. परत आली की मी विचारायचो, काय म्हणाला डॉक्टर? "गोळ्या बदलल्या," म्हणायची. एवढंच.

तेव्हाच ते पुस्तक आलं. डोंगरावरच्या रस्त्याला एका म्हातारीचं छोटं दुकान आणि तिची नात. बायकोनं चार-पाच सकाळी पुरवून पुरवून ती गोष्ट सांगितली. पहिल्या पानावर एकटी पोरगी डोंगराच्या रस्त्यावर.

"ही पोरगी आजीकडं निघाली," बायको म्हणाली.

मी म्हणालो, "मग तिची पाठ कशी आपल्याकडं? आणि रस्ता तर उताराचा दिसतोय."

"तुम्ही दुधाकडं बघा."

पुढं दुकानाला कुलूप. मग आत रिकामा बिछाना. मग पान उलटलं की बिछान्यात म्हातारी. मग ती उठून बसली. मग चुलीपाशी. मग दुकानात गिऱ्हाईकं, हसणं, भांडणं. आणि शेवटच्या पानावर म्हातारी आणि नात दाराच्या पायरीवर बसून एका ताटात जेवतात. बायकोनं म्हातारीच्या तोंडी घातलं, "कशाला घाबरली गं? आले की मी." मी म्हणालो, ही सगळ्यांत झकास गोष्ट.

बोरांच्या दिवसांत बायको गेली.

महिनाभर भट्टी पेटली नाही. पेटवली, तर धुरापलीकडं ती बसलेली. मी काही खुळा नाही. मेलेलं माणूस येत नाही हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण ओलं बोट लावून पान उलटल्याचा आवाज मी ऐकलाय. वळून बघावं तर फळी आणि पोतं. हात ढवळत राहायचा आणि मानेवर काटा उभा राहायचा. मग मी ते दुकानवालीचं पुस्तक खाली काढलं आणि रोज खवा झाला की मांडीवर घेऊन बघायला लागलो. कुलूप, रिकामा बिछाना, म्हातारी उठली, जेवायला बसली. गेलेलं माणूस परत येतं, असं एका तरी पुस्तकात छापलंय, एवढा आधार होता. शेवटचं पान आलं की मी दाराकडं बघायचो. रोज बघायचो. सांगायला लाज कसली?

आमच्या भट्टीवर दूध घालणारा माझा एक जुना दोस्त आहे. त्याचं घर मशिदीच्या मागं. लहानपणी तो उर्दू शिकला. एका सकाळी कॅन रिकामी करून तो पोत्यावर टेकला आणि ते पुस्तक त्यानं हातात घेतलं. उजव्या बाजूनं उघडलं. मी हसलो.

"अरे, उलटं धरलंस की."

"आमची किताब अशीच उघडते, गड्या. आदत आहे." तो एकेक पान बघत राहिला. नंतर त्याचं हसणं गेलं. पुस्तक मिटून त्यानं हळूच खाली ठेवलं. "हे कशाला बघतोस रे रोज? बुढी मरती की यात."

"मरत न्हाय. मेलेली असती, ती उठती."

"उठत न्हाय. हे बघ, आधी दोघी जेवतात. मग ती आजारी पडती. मग बिछाना रिकामा. मग पोरगी कुलूप घालून डोंगर उतरती. कव्हरचं चांगलं चित्रसुद्धा याच बाजूला आहे, तुझ्या बाजूला नुसतं बारीक लिहिलेलं."

"तुला काय कळतंय!" मी त्याच्यावर खेकसलो. "तुझी किताब तुझ्या घरी. हे माझ्या बायकोनं वाचलंय!"

 तो कॅन उचलून गेला.

तो गेल्यावर मी पुस्तक दारात उजेडाला नेलं. माझी बायको दाताला मिशेरी लावायची. बोट ओलं करून पान उलटायची, म्हणून तिच्या सगळ्या पुस्तकांच्या कोपऱ्यांना काळपट डाग. आपल्या मराठी बाजूनं वाचताना बोट उजव्या पानाच्या कोपऱ्याला लागतं. तिथं डाग होते, पुसट, एकेकदाचे. मग मी डावी पानं बघितली. तिथंही डाग. दाट. जिथं म्हातारी बिछान्याला लागली, तिथं तर कागद बोटानं घासून मऊ पडलेला.

म्हणजे मला सांगितलं ते एकदाच, या बाजूनं. एकटीनं वाचलं ते पुन्हा पुन्हा, त्या बाजूनं.

 दवाखान्यातनं आल्यावरचं तिचं "गोळ्या बदलल्या" मला आठवलं. तिला ठाऊक होतं का? ठाऊक असून धुरापलीकडं बसून ती मला हसवत होती का? ज्याला विचारायचं तेच माणूस नाही. मी नातीला फोन लावला.

"ते पुस्तक कुठनं उघडायचं गं?"

 ती म्हणाली, "उजवीकडून, आजोबा. जपानी पुस्तक आहे ते, त्यांची तशीच उघडतात. मी आजीला सांगितलं होतं. माझ्याकडं दुसरी प्रत आहे, आम्ही दोघींनी फोनवर एकेक पान जुळवत वाचलंय ते."

"मग मला उलटं का सांगितलं तिनं?"

"ती म्हणाली, असा शेवट तुझ्या आजोबाला सोसायचा न्हाय. मी त्यांला दुसरा करून देते." पोरगी रडायला लागली होती. "आजोबा, मला आजीचं आजारपण एवढं आहे हे माहीतच नव्हतं. ती एकच विचारायची. कुलूप लावून गेल्यावर त्या पोरीचं पुढं काय झालं? मी म्हणायचे, आजी, पुस्तक तिथं संपतं. ती म्हणायची, संपत नसतं गं. दुसऱ्या दिवशी भूक लागलीच असंल की तिला. कुणी घातलं जेवायला?"

 मी म्हणालो, "रडू नको. पुस्तकं पाठवत जा. पण आता खरं काय ते मला सांगायचं. मला सोसतंय का न्हाय ते मी बघीन."

सकाळी दोस्त दूध घेऊन आला, काल काही झालंच नाही अशा तोंडानं. मी त्याला उलथनं दिलं आणि म्हणालो, तू ढवळ. पलीकडं पोत्यावर बसलो, तिच्या जागी. पुस्तक उजवीकडनं उघडलं आणि मोठ्यानं सांगायला लागलो. दोघी जेवल्या. म्हातारी पडली. बिछाना रिकामा झाला तिथं माझा आवाज फाटला. दोस्तानं मान वर केली नाही, तो ढवळत राहिला. पोरीनं कुलूप लावलं. पाठ करून डोंगर उतरली.

"खतम?" दोस्तानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. पुढं कोरं पान होतं. तिथंही एक काळपट डाग होता, तिच्या बोटाचा. धूर डोळ्यांत जात होता आणि त्यात मला कुणी दिसत नव्हतं. "दुसऱ्या दिवशी भूक लागली तिला. मग उठली, आपल्या हातानं भाकरी थापली आणि खाल्ली."