सावनेर ते धरमपेठ: एका हार्ड डिस्कची खरेदी

प्रवासाच्या ब्लॉगवर लोक बर्फाचे डोंगर दाखवतात. निळा तलाव, तंबू, हातात वाफाळता कप. मी गेल्या आठवड्यात सावनेरहून नागपूरला गेले आणि दिवसभर कॉम्प्युटरच्या दुकानांत उभी राहिले. फोटो एकच काढला, त्यातही अर्ध्यावर माझा अंगठा आलाय. तरी लिहितेय, कारण हा प्रवास कधी ना कधी तुम्हालाही करावा लागणार आहे. तुमच्याही घरी टेबलाखाली ती काळी पेटी आहे आणि तिच्यात काय आहे हे तुम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही.

माझं सावनेरात टायपिंगचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. घरी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर दुकानाचं काम करत नाही. त्यात भुलाबाईची गाणी आहेत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाईची मातीची मूर्ती मांडून गाणी म्हणत. आता मुली मोबाइल पाहतात आणि गाणी म्हाताऱ्या बायकांना तेवढी आठवतात. म्हणून मी आणि माझी थोरली बहीण कुसुमताई गेली नऊ वर्षं रविवारी आसपासच्या गावांत जाऊन ती रेकॉर्ड करतो. बावन्न बायका झाल्या. त्यातल्या एकोणीस आता नाहीत.

सोमवारी कॉम्प्युटर सुरू केला तर आतून टिक, टिक आवाज आला. गाणी उघडायला दहा मिनिटं लागली. मी तडक बंद केला. दुसरीकडे कॉपी ठेवली होती का, हा प्रश्न मला त्यानंतर ओळखीच्या प्रत्येक माणसाने विचारला. नव्हती ठेवली. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मीच सांगते की दोन प्रती काढून ठेवा, एक फाइलला लावा. असो.

ताईला सांगितलं. ती चौसष्टची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तरीण म्हणून निवृत्त झाली आणि ती सवय अजून गेलेली नाही. म्हणाली, "नवी डिस्क आणायले तू एकटी जाशीन? तुले कोनी काहीही विकीन. मी येतो." आमच्याकडे बायका 'येतो' म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.

बुधवारी निघालो. डिस्क पेटीतून काढली, कॉटनच्या पंच्यात गुंडाळली आणि स्टीलच्या डब्यात ठेवली. सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची बोंब नाही. एप्रिल संपत आलेला, नऊ वाजताच खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता. पाटणसावंगी गेलं, कोराडीची धुराडी दिसली, मग मानकापूर, छावणी, सदर. ताईने डबा पूर्ण रस्ता मांडीवर धरला. शेजारच्या बाईने विचारलं, "काय आहे वं डब्यात? वास तर येऊन नाई राहिला."

"एकोणीस बाया हायेत," ताई म्हणाली. बाई पुढच्या थांब्याला दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

बर्डीच्या बाजारात उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पहिली सूचना लिहून घ्या: कॉम्प्युटरची दुकानं अकराच्या आत उघडत नाहीत, उघडली तरी साडेअकरापर्यंत फक्त अगरबत्ती चालते. तेवढ्यात तर्री-पोहे खाऊन घ्या. तर्री, म्हणजे पोह्यांवरचा तिखट रस्सा, दुसऱ्यांदा मागितली तर फुकट मिळते आणि दुपारी तिची किंमत कळते.

पहिलं दुकान काचेचं. आत एसी, आणि लाल-निळे-हिरवे दिवे लागलेले कॉम्प्युटर, जणू प्रत्येकाच्या पोटात लग्नाची वरात चाललीय. काउंटरवरच्या तरुणाने आमच्या तोंडाला गुंडाळलेले दुपट्टे पाहिले, मग ताईची पिशवी पाहिली आणि विचारलं, "बच्चे के लिए चाहिए क्या मॅडम? गेमिंग?"

मी म्हटलं, डेस्कटॉपमध्ये बसणारी हार्ड डिस्क हवी, साडेतीन इंची, गाणी साठवायला.

"हार्ड डिस्क कोई नहीं लेता अब. एसएसडी लो. ये देखो, रॉकेट है." त्याने विड्याच्या पानाएवढी पट्टी काढून दाखवली. मी वाचून आले होते. एसएसडी वेगवान असते हे खरं, पण ती गेली की बहुतेक वेळा न सांगता जाते, शिवाय तेवढ्याच पैशात जागा कमी मिळते. ज्याच्यावर रोज काम करायचं त्याला ती उत्तम. मला रोज काम करायचं नव्हतं. मला ठेवायचं होतं. हे मी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, घरी कोणी मुलगा असेल ना, त्याला पाठवा. मी त्याला समजावतो."

ताई म्हणाली, "मी सदतीस वर्षं पोट्ट्यांले समजावलं गा. आता त्याईले पाठवून मी काहून समजून घेऊ?" त्याने दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे तोंड फिरवलं. एसीत पाच मिनिटं फुकट मिळाली, एवढा या स्थळाचा लाभ.

दुसरं दुकान दोन गल्ल्या सोडून. इथले मालक मात्र फार अदबीने बोलले. आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं, ताईला 'माताजी' म्हणाले. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी वेगळी डिस्क असते, कॉम्प्युटरसाठी वेगळी, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग एक चकचकीत पाकीट काढलं. "एकदम नवी, सील पॅक. आणि इतरांपेक्षा स्वस्त. दोन वर्षं दुकानाची गॅरंटी."

दुकानाची का, कंपनीची का नाही, हे विचारल्यावर ते हसले. "कंपनी कुठे धावत येते, माताजी? आम्ही इथेच बसलो आहोत."

दुसरी सूचना: ज्या नव्या वस्तूची गॅरंटी फक्त दुकानदार देतो, ती लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. डिस्क आजवर किती तास चालली, हे तिच्या आतच नोंदलेलं असतं आणि फुकटच्या छोट्या प्रोग्रॅमने वाचता येतं. माझ्याकडे तो पेनड्राइव्हवर होता. मी म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरला जोडून दाखवा. ते म्हणाले, सील तुटेल. ताई म्हणाली, "तुटू द्या. घरी जाऊन तुटणारच हाय." त्यांनी नाइलाजाने जोडली. स्क्रीनवर आकडा आला सव्वीस हजार तास आणि वर काही.

मी भागाकार केला. रात्रंदिवस चालली असेल तर जवळजवळ तीन वर्षं.

मालकांनी स्क्रीनकडे अशा प्रेमाने पाहिलं जसं काही भाच्याची मार्कशीट आहे. म्हणाले, "टेस्टिंगला लावतो आम्ही. माल तपासूनच विकतो."

"तीन वर्षं तपासली," ताई म्हणाली, "आन् तुमाले कळलं नाई ते जुनी हाय म्हणून?"

त्यावर ते आणखी मऊ झाले आणि भाव कमी करू लागले. दर वाक्याला डिस्क स्वस्त होत गेली. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा ती जवळजवळ भेट म्हणून मिळत होती. नऊ वर्षांची गाणी मी त्या सव्वीस हजार तासांच्या थकलेल्या चकतीवर ठेवली असती आणि घरी येऊन समाधानाने झोपले असते, हे बाहेर उन्हात आल्यावर कळलं. ताईने मला रसाच्या दुकानात बसवलं. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की परत जावं. ताईने डबा सावलीत सरकवला.

रसवाल्यानेच धरमपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्या वानखेड्यांचं नाव सांगितलं. मेट्रोने शंकरनगरला उतरलो. मेट्रो थंडगार, स्वच्छ, आणि दुपारी तिच्यात बसायला भरपूर जागा; पर्यटन म्हणून याच टप्प्याची शिफारस करते. तिथून चालत दहा मिनिटं, मग पहिल्या मजल्यावर एक खोली. बोर्ड फिकट. आत कूलर, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं आणि चष्मा कपाळावर चढवलेले पन्नाशीचे वानखेडे. त्यांनी खुर्ची दिली नाही, पाणी दिलं नाही. डबा उघडून डिस्क पाहिली आणि विचारलं, "आत काय आहे?"

दिवसभरात हा प्रश्न कोणत्याही दुकानदाराने विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक मोठी डिस्क घेऊ नका. मध्यम आकाराच्या दोन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी कॉपी करून दुसऱ्याच्या घरी. माझ्याकडे नव्या आहेत. कंपनीच्या साइटवर नंबर टाकून गॅरंटी तपासा, मग पैसे द्या." मी तपासली. दोन्ही बरोबर निघाल्या.

"आता हिचं," त्यांनी जुनीकडे बोट केलं. "पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये पाठवता येईल. खर्च फार, खात्री नाही. नाहीतर मी आत्ता जोडतो. कदाचित पूर्ण चालेल, कदाचित दहा मिनिटं. एकदा मध्येच बंद पडली तर मग लॅबलाही अवघड जाईल. तुम्ही ठरवा."

लॅबचा खर्च आमच्या दोघींच्या आवाक्यातला नव्हता, हे ताईलाही माहीत होतं. ती म्हणाली, "जोडा."

"मग क्रम सांगा. आधी कोणती कॉपी करू?"

प्रत्येक बाईच्या नावाचं एक फोल्डर होतं. मी म्हटलं, आधी ताईचं. कारण दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिचा आवाज बसका झालाय. वरचा सूर लागत नाही. तिचा आधीचा गळा फक्त त्या डिस्कवर होता. ताईने माझा हात बाजूला केला. वानखेड्यांना म्हणाली, "आधी मेलेल्या. मंग ज्या लय म्हाताऱ्या हायेत त्या. मंग बाकीच्या. मी सगळ्यात शेवटी."

मी म्हटलं, "ताई, तुझा आवाज परत नाही येणार."

"त्यायचा येनार हाय का?"

वानखेडे माझ्याकडे बघत थांबले. मी मान डोलावली.

त्यांनी डिस्क जोडली. टिक, टिक सुरू झाली. पहिलं नाव गिरजाबाईचं होतं. हिरवी पट्टी सरकत राहिली, थांबली, पुन्हा सरकली. आम्ही तिघं एका चार बोटांच्या पट्टीकडे बघत दोन तास बसलो. एकोणीस फोल्डर उतरली तेव्हा ताईने पहिल्यांदा पाणी मागितलं. वानखेड्यांनी खालून सांबारवडी मागवली. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये. ताईने खाल्ली, मी उतरलेली फोल्डर मोजत राहिले. एकोणपन्नासावं फोल्डर पूर्ण झालं आणि डिस्कमधून घासल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. वानखेड्यांनी ती काढली, थंड केली, पुन्हा जोडली. कॉम्प्युटरला ती दिसेनाशी झाली होती.

तीन राहिली होती. दोन सावनेरातल्याच बायकांची, आमच्या गल्लीतल्या. तिसरं ताईचं.

"उशीर केला असता तर एवढंही मिळालं नसतं," वानखेडे म्हणाले. कॉपी करण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, "माझी आई काटोलची. भुलाबाई म्हणायची. गिरजाबाईंचं एक गाणं मला मोबाइलवर द्या, झालं."

परतीच्या एसटीत मी रडत होते आणि ताईला त्याचा कंटाळा आला होता. मानकापूरच्या पुढे म्हणाली, "पुरे वं आता. एक्कावन्न बायांमागे हिंडली, तवा तुले माहा गळा आठवला नाई. आता काहून आठवून राहिला?" तिची गाणी मी रेकॉर्डर शिकताना केली होती, सरावासाठी, आणि पुन्हा कधी उघडून ऐकलीही नव्हती. दोन दुकानदारांना नावं ठेवणं सोपं होतं.

रविवारी गल्लीतल्या दोघी येऊन गाऊन गेल्या. हसत-खिदळत, चुकत-माकत. मग ताई बसली. कूलरचा आवाज गाण्यात येतो म्हणून तो बंद करायला लावला. घाम पुसत तिने गायला सुरुवात केली. आवाज खरखरीत, मध्येच तुटणारा. वरच्या ओळीला ती सूर खाली घ्यायची आणि पुढे जायची, जशी चढावर सायकलवरून उतरून माणूस चालतो. अकरा गाणी झाली. काही शब्द पूर्वी वेगळे होते असं मला वाटलं, पण पडताळायला आता काही नाही.

दोन्ही नव्या डिस्कवर कॉपी केली. एक माझ्याकडे राहील, एक ताईच्या कपाटात. फोल्डरला नाव देताना मी 'कुसुम दोन' असं टाइप केलं. ती मागे उभी राहून पाहत होती.

"दोन काहून? एक कुठी हाय?"

मी 'दोन' खोडलं.