धावा जुळल्या, पण…

अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या कम्युनिटीत अण्णाकाकांचं नाव 'जुळलं-का काका' पडलं होतं. पॉटलकच्या जेवणाला कोण किती पोळ्या आणणार, कोणाच्या गाडीत किती मुलं बसणार, काहीही ठरत असो, पेन्सिल कानावर अडकवलेले काका विचारणारच, "जुळलं का?" नागपूरला चाळीस वर्षं त्यांनी क्लब क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिलं होतं. सुमनकाकू गेल्यावर ते इथे मुलाकडे आले. पण नजर दिवसेंदिवस अधू होत होती आणि ऑक्टोबरात ते कायमचे परत जाणार होते.

माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून काकांना लायब्ररीत न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथे त्यांना शंभर वर्षांहून जुन्या एका बेसबॉल मॅचची बातमी सापडली. व्यावसायिक संघ, आणि धावांची नुसती लयलूट! वर अख्ख्या खेळाचं वर्णन, खाली खेळाडूंचा तक्ता. वर्णनावरून स्कोअरशीट लिहायची आणि तक्त्याशी ताडून बघायची, हे त्यांनी मनावर घेतलं. "दिसतंय तोवर ही शेवटची मॅच. अर्धवट टाकून जाणार नाही," म्हणाले.

संघांच्या बेरजा बरोबर यायच्या, पण एकेका खेळाडूच्या धावा काही केल्या जुळेनात. तीन आठवडे खोडून खोडून कागद फाटायला आला. मी वैतागले. "काका, कोण विचारतंय यार आता?"

"मी विचारतोय ना!"

शेवटी लायब्ररीतल्या बाईंनी शीट पाहिली आणि हसल्या. काकांनी क्रिकेटच्या सवयीने प्रत्येक धाव फटका मारणाऱ्याच्या नावावर मांडली होती. बेसबॉलमध्ये जो धावत होम प्लेटवर, म्हणजे 'घरी' पोचतो, धाव त्याची.

"मारला याने आणि धाव त्याची?" काका चक्क चिडले. "मग मारणाऱ्याचं काय?"

त्याचा फटका मोजलाय, बाई म्हणाल्या, पण त्याने कुणाला घरी आणलं, ते या तक्त्यात नाही.

 परतताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा काका एकदम म्हणाले, "सुमनने शाळेतली नोकरी सोडली होती. तिन्ही पोरांचं गणित तिनेच घेतलं, म्हणून पोरं इथवर पोचली. मी मैदानावर असायचो. पोरांच्या यशाबद्दल सोसायटीने सत्कार केला, तेव्हा नारळ कोणी घेतला? मी. हे तुझ्यामुळे, असं तिला एकदासुद्धा बोललो नाही गं."   हिरवा दिवा लागला, मी गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी शीट घेतली. शेवटी शेवटी अक्षरं दिसेनात. मग मी वाचायचे, ते चाचपडत लिहायचे. विमानाच्या आदल्या दिवशी पेन्सिल खाली ठेवली. या वेळी मीच विचारलं, "जुळलं का?"

"धावा जुळल्या," एवढंच म्हणाले.

एअरपोर्टवर मी पाया पडले तेव्हा त्यांनी शीटची गुंडाळी माझ्या हातात दिली. "तू ठेव. मला आता वाचता येणार नाही."

पार्किंगमध्ये ती उलगडली आणि गाडी सुरूच करवेना. धावांच्या शेजारी काकांनी स्वतःच्या हाताने एक रकाना आखला होता: 'घरी आणले'. प्रत्येक फटकेबाजासमोर त्याने आणलेल्यांचा आकडा. आणि सगळ्यात खाली, दोन्ही संघ संपल्यावर, वाकड्या अक्षरात आणखी एक नाव होतं.

सुमन. तीन.