पायडलांचे तीन तोळे

सायकलच्या पायडलाचं वजन कमी करायचं म्हणून मी कानस घेतली आणि ज्या ओठात बूट अडकतो, तो ओठच घासून टाकला. नातवंडं विचारतात, "आज्जी, तू खरंच रेसर होतीस?" मी सांगते, होते की. अक्कल सोडून सगळं होतं माझ्याकडं.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आम्ही कुंडलचे. वडिलांचं सोनारकाम घराच्या ओसरीतच चालायचं. गावच्या व्यायाम मंडळाकडं शर्यतीची एकच सायकल होती आणि ती माझ्याकडं होती. माझी नव्हे, माझ्याकडं. आदल्या वर्षी साताऱ्याच्या निवड चाचणीत मी चौथी आले, पुढचीच्या मागं एका चाकाच्या अंतरानं. संघात तिघीच घ्यायच्या. मंडळाच्या सरांनी तेव्हाच बजावलं होतं, "पुढच्या वर्षी पहिल्या तिघींत आलीस तर सायकल तुझी. न्हाईतर पलूसच्या पोरीला द्यायची. तीबी वाट बघतीया." मी विशीची. कॉलेज सुटलेलं, घरात स्थळांच्या गोष्टी. त्या सायकलीवर बसले की मी 'कोणीतरी' असायचे. उतरले की नुसती सोनाराची पोरगी.

थोरला भाऊ लष्करात होता. त्याच्या पलटणीतल्या सायकलवाल्यांनी नवी पायडलं घेतली, तेव्हा जुनी जोडी आणि तिचे बूट त्यानं मला पाठवले. हे नेहमीचं पायडल नव्हे. बुटाच्या तळाला एक पट्टी असते. ती पायडलावर दाबली की मागचा स्प्रिंगचा ओठ तिला खट्ट करून धरतो. मग पाय नुसता दाबायचा नाही, वरही ओढायचा. टाच बाहेर वळवली की सुटतो. बूट पुरुषाचे, म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या.

आणि मी त्या पायडलांचं वजन केलं. तिथंच घोटाळा झाला. सोनाराच्या घरात वाढलेली मी. गुंजभर कमीजास्त झालं तर घरात दिवसभर कुणी धड बोलायचं नाही, हे पाहिलेलं. काट्यावर ती लोखंडं बसली आणि माझा जीव दडपला. एवढं वजन मी घाटात ओढत होते! आदल्या वर्षीचं ते एक चाक मला तिथंच, त्या पारड्यात पडलेलं दिसलं.

वडील दुपारी जेवून आडवे झाले की मी त्यांची कानस उचलायची. पायडलाच्या बाजू घासल्या, कडा घासल्या, पोटात भोकं पाडली. पुन्हा काट्यावर, पुन्हा कानस. वडिलांनी एकदा मला पकडलं, कारण सोन्याच्या झाडणीत करडी भुकटी निघाली. झाडणीतला कचरा धुऊन सोनं काढणारा माणूस आठवड्यानं यायचा.

"ही काय राख कालवलीस त्यात?"

"पायडल हलकं करतीया, आबा."

"किती निघालं?"

"तीन तोळं होत आलं."

आबांनी भुकटी चिमटीत धरून पाहिली. आमच्या घरात तीन तोळे म्हणजे एका पोरीचं लग्न. मग म्हणाले, "लय झालं. आता थांब."

पण मी थांबणारी होते का! चाचणीला निघायच्या आदल्या दुपारी आबा इस्लामपूरला गेले होते. पुरे तीन तोळे उतरवायचेच असं मी ठरवलेलं, पण पारडं अजून टेकत नव्हतं. घासायला जागा एकच उरली होती, तो जाड ओठ. एवढा जाड कशाला, म्हटलं, आणि दोन्ही पायडलांचे ओठ पातळ केले. पारडं टेकलं. मी आनंदानं दोन तांबे पाणी प्यायले. त्या पाण्याचं वजन मात्र केलं नाही. चिंध्यांचंही नाही.

गावात एक फेरी मारली. सपाट रस्त्यावर पायडल झकास. सपाटीवर ओढतंय कोण!

दुसऱ्या दिवशी चाचणी, साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट. अर्ध्यापर्यंत मी दुसरी होते. पुढं फक्त एक पाठ आणि तिच्या वेणीचा हलणारा शेंडा. चढ उभा झाला, मी सीटवरून उठले, उजवा पाय सगळ्या ताकदीनं वर ओढला, आणि तो सुटला. गुडघा हँडलवर आपटला. पुन्हा अडकवला. पुन्हा सुटला. मग हळूहळू दाबायला लागले, ओढायचंच नाही असं ठरवून. पण सवय झालेला पाय ऐकेना. एक पोरगी गेली. दुसरी गेली. मी डाव्या पायाला विनवत होते, तू तरी धर. तोही सुटला. तिसरी गेली तेव्हा एक आवाज ऐकू आला, तो माझाच होता हे मला नंतर कळलं. शेवटच्या वळणावर मी उतरले आणि सायकल हातात धरून पळाले, बुटाच्या त्या पट्ट्यांवर घसरत, चिंध्या टोचत. वर सर उभे होते. मी त्यांचा हात धरला.

"सर, पाय सुटला. पायडलानं दगा दिला. पुन्हा एकदा पळवा मला. एकटीला पळवा, येळ लावून बघा."

सरांनी पायडल उलटंसुलटं केलं, ओठावर अंगठा फिरवला. "कुणी घासलं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण सुचलंच नाही. तेवढीही हुशारी नव्हती.

"मीच."

त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

दोन दिवसांनी पलूसची पोरगी चुलत्याबरोबर सायकल न्यायला आली. माझी पायडलं काढून सरांनी साधी बसवली. तिनं सीट खाली घेतली, माझ्यापेक्षा बुटकी होती. "येते आक्का," म्हणाली आणि गेली. बसण्याची ढब चांगली होती, मेलीची. मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. दुपारी उठले नाही, संध्याकाळी उठले नाही. आईनं ताट आणून उशाशी ठेवलं, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ, दोन घास खा. हलकी हून आता जायाचंय कुठं तुला?"