निर्जळी उपासातली गोळी

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पाठच्या भावापाशीही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण रडतभेकत सांगणार नाही. तो माझा स्वभावच नाही.

मला पित्त उठायचं. ऊन लागलं, चुलीची धग लागली, कधी नुसता राग आला — की अंगभर गांधी, ओठ टम्म, घसा आवळलेला. सासरी, चिखलीत, उपाय ठरलेला: आमसुलाचं पाणी चोळायचं आणि घोंगडी पांघरून पडायचं. चिंचवडला माहेरी गेले तेव्हा भावाने डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. पित्त उठल्यावर नाही, उठायच्या आधी घ्यायची; वेळ चुकवायची नाही. घरात घड्याळ कुठलं? पण पिंपरीला नवा कारखाना झाला होता, त्याचा भोंगा आमच्या शिवारापर्यंत यायचा. भोंगा झाला की गोळी.

अडचण सासूबाईंची होती. त्यांनी माझ्यासाठी देवीला नवस बोलला होता — दर मंगळवारी निर्जळी उपास, आणि डॉक्टरचं औषध वर्ज्य. जिथे पाण्याचा घोट नाही, तिथे गोळी कुठून? मग मी ती फणेरपेटीत लपवली, आरशाखाली, कुंकवाच्या करंड्याशेजारी. भोंगा ऐकला की कुंकू नीट करायला उठायचं. सवाष्णीला कुंकू लावताना कोण अडवणार? कोरडीच गिळायची. कडू जहर.

याची मला लाज नाही — तेव्हाही नव्हती. घसा माझा आवळत होता, नवस बोलणाऱ्यांचा नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा गिळेन.

पण — इथवर सांगणं सोपं आहे.

अंग स्वच्छ झालं तसं गाव म्हणू लागलं, देवी पावली. गोळीने गुंगी यायची; देव्हाऱ्यापुढे बसल्या बसल्या डोळे मिटायचे. बायका म्हणाल्या, हिला ध्यान लागतं. मंगळवारी हळदीकुंकू आधी मला लागू लागलं. माझ्या आईच्या वयाच्या बायका पाया पडू लागल्या. मी काय केलं? डोळे मिटलेलेच ठेवले.

मग धाकटी जाऊ आली. शारदा, महाळुंग्याची. आणि तिलाही तेच — तशाच गांधी, तसाच घसा. सासूबाईंनी तिला मंगळवार धरायला लावले आणि शिकवायला मला बसवलं. मी शिकवलं. कसं बसायचं, काय म्हणायचं, सगळं — सांगायचं तेवढं सोडून. पाण्याविना उन्हातान्हात ती पोर गांधींनी आणखीच फुलायची. एकदा तिने विचारलं, "आक्का, तुमाला कसं जमतं वं? माजंच काय चुकतंय?" पेटी हाताच्या अंतरावर होती. मी म्हणाले, "मन लावून कर."

सासूबाईंनी निकाल दिला, "हिची भगतीच खोटी हाय." देवीने नाकारलेली बाई घरात नको, असं ठरलं. दिराने तोंड उघडलं नाही. मी तरी कुठे उघडलं?

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल. नाही. सासूबाईंनी फार तर शिव्या दिल्या असत्या, आणि शिव्या मी पुष्कळ पचवल्या होत्या. मला तो मान आवडत होता. त्यात वाटेकरी नको होती — आणि तो सोडायचा तर मुळीच नव्हता. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येतं का, पाहिलं. येत नाही.

सकाळी बैलगाडी जुंपली. शारदा पुन्हा कधी त्या उंबऱ्यात आली नाही. निघताना, ओठ सुजलेले तशीच, ती रीतीप्रमाणे थोरल्या जावेच्या पाया पडायला वाकली. म्हणाली, "आक्का, देवीपाशी माज्यासाठी येक शबूद टाका."

तेवढ्यात भोंगा झाला.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कुंकू लावायला आत गेले.