हॉस्टाइल

वकीलसाहेबांनी मला ओसरीखाली, चपलांपाशी उभं करून साक्ष शिकवली. अकोल्यातलं त्यांचं घर. लग्न होऊन बाळापूर रस्त्यावरच्या मळ्यात आले तेव्हापासून त्यांच्या देवाचे हार मीच द्यायचे.

“म्हण, गुणाजीला गंजी पेटवताना पाहिलं.”

“गुणाजीले गंजी पेटवताना पाह्यलं.”

आत बायका हसल्या. साहेबही. “गुणाजीले नाही गं, गुणाजीला. पुन्हा म्हण.” पुन्हा म्हटलं. पुन्हा हसले. खोटं चालत होतं, वऱ्हाडी चालत नव्हती. मला राग यायला हवा होता. आला नाही.

गुणाजी महार आमचा शेजारी. पाटलाचा डोळा त्याच्या जमिनीच्या तुकड्यावर. पाटलाची कडब्याची गंजी जळली आणि नाव आलं गुणाजीचं; पाटलाच्या बाजूनं वकील हेच साहेब. फुलं तोडायला मी पहाटेच मळ्यात असते, म्हणून साक्षीला मी. मळा पाटलाचा, आम्ही बटईनं, अर्ध्या वाट्यावर करायचो. नाही म्हटलं तर मळा जाणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

कोर्टात पिंजऱ्यात उभी राहिले. समोर गुणाजी. शपथ झाली. साहेबांनी विचारलं. मला दयाबिया काही आली नाही. ‘गुणाजीला’ म्हणायला तोंड उघडलं आणि ओसरीवरचं ते हसू कानात वाजलं.

“मी गुणाजीले पाह्यलं नाई.”

साहेबांनी बोट माझ्याकडे केलं. “हॉस्टाइल!” मग मॅजिस्ट्रेटशी इंग्रजीत बोलले. मी चपराशाला हळूच विचारलं, “काय म्हणलं मले?”

“वैरीन म्हणते तुले. आता आपल्याच साक्षीदाराले उलटं इचारीन तो.”

वैरीण. ज्याच्या देवाला रोज हार दिला, त्याची.

साहेब ओरडले, “मग कोणाला पाहिलंस? बोल!”

हा सवाल त्यांनी शिकवला नव्हता.

“पाटलाच्या गड्याले. गंजीत बिडी फेकून पयाला तो.”

कोणी हसलं नाही.

गुणाजी सुटला. आमचा मळा गेला. आनंद झाला म्हणू, तर तोही झाला नाही. आता दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते. परवा वकिलीणबाईंनी मोलकरणीकडून निरोप धाडला: माफी माग, फुलं आम्ही आणवू, हार पुन्हा सुरू करू.

मी तिला म्हटलं, “सांगजो बाईले, मी वैरीनच हाओ.”

पुन्हा साक्षीला बोलावलं तर पुन्हा जाईन. चपलांपाशी उभी राहणार नाही. पाहिलं तेच सांगीन, आणि वऱ्हाडीत सांगीन.